साडेअठरावाले नाना

आमच्या गल्लीत नानांना "काय नाना, कसं काय?" असं विचारायची सोय नाही. तब्येत, पाऊस, यात्रेची गर्दी, मुलीची परीक्षा, यांतलं काही तुम्हाला विचारायचं असेल असं ते धरतच नाहीत. "अठरा पॉइंट चार," असं उत्तर येतं. आकडा गेल्या वेळेपेक्षा वर असला तर पाठोपाठ सुपारी पुढे होते. खाली असला तर त्या दिवशी यजमानांचे संकल्पही जरा घाईनेच सुटतात, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही.

त्र्यंबकेश्वरात नाना म्हटलं की खरं तर नानासाहेब पेशवे आठवायला हवेत, कारण आत्ताचं काळ्या दगडाचं देऊळ त्यांनी बांधायला घेतलं. आमच्या गल्लीला मात्र २०१३ सालची पांढरी पेट्रोल गाडी आठवते.

गाडीचं ॲव्हरेज विचारणारा माणूस गावोगावी असतो. शेजारी नवी गाडी आली, बॉनेटवर स्वस्तिक निघालं, चाकाखाली लिंबू गेलं, पेढ्यांचा पुडा फिरू लागला, की हा पेढा तोंडात टाकता टाकता विचारतो, "किती देते?" रंग बघत नाही, ब्रेक विचारत नाही, एअरबॅग किती ते तर नाहीच. मला या प्रश्नाची नेहमी गंमत वाटते. गाडी देत काहीच नाही, ती पिते. देते ती म्हैस. पण आपण गोठ्यातला प्रश्न उचलून थेट शोरूममध्ये नेला आणि तिथल्या टायवाल्या मुलांनीही तो बिनतक्रार स्वीकारला.

नाना मात्र या जातीतले असूनही वेगळे. इतरांचा आकडा तोंडी असतो, नानांचा लेखी.

आमच्या गावातल्या नानांसारख्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असतात. यजमानाने आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की कपाटातून लांबट चोपडी निघते, पानं उलटतात, आणि त्याचे पणजोबा कधी आले होते, सोबत कोण होतं, सगळं समोर येतं. भल्याभल्यांचे डोळे पाणावताना मी पाहिले आहेत. नानांच्या कपाटात त्या चोपड्यांच्या शेजारी, त्याच लाल कापडात बांधलेली आणखी एक चोपडी आहे. तिच्यात गाडीची नामावळ आहे. तिथी, वार, किलोमीटर, लिटर, भागाकार आणि शेरा.

शेरे वाचण्यासारखे आहेत. "सातपूरला कोंडी." "सासूबाई मागे, सामानासह." "हवा ३३ हवी, २६ निघाली. दोष माझा." "पेट्रोलच्या नळीला चुंबक बसवलं. फरक नाही. किल्ली चिकटते." "ग्रहण. गाडी काढली नाही." श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लोटणारी गर्दी आणि २०१५ चा सिंहस्थ, या दोन्हींपुढे एकच शब्द आहे: "पायी."

मार्च २०२० मध्ये देऊळ बंद झालं आणि गाव सुनं पडलं. चोपडीत तिथे आडवी रेघ आहे आणि खाली लिहिलंय, "सुतक". त्या दिवसांत बॅटरी उतरू नये म्हणून नाना दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत. पेट्रोल जायचं, किलोमीटर शून्य. म्हणजे ॲव्हरेजही शून्य. हा आकडा त्यांनी पेन्सिलने लिहिला आहे. शाईने लिहायला हात धजावला नाही, असं ते स्वतःच सांगतात.

नानांच्या पद्धतीत तशी खोट काढायला जागा नाही. टाकी काठोकाठ भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जेवढं पेट्रोल आत गेलं तेवढंच मधल्या प्रवासात जळलं. किलोमीटरला लिटरने भागायचं. एवढंच. पण "काठोकाठ" या शब्दात सगळा संसार आहे. पंप तोच हवा, नोझल तेच हवं, गाडी उभी राहायची जागा सपाट हवी, आणि नोझल पहिल्यांदा टक् करून बंद झालं की थांबायचं. कारण पुढे अर्धा लिटर जास्त गेलं तर ३७० किलोमीटरला २० च्या जागी साडेवीस लिटर होतात आणि साडेअठराचे धडधडीत अठरा होतात. म्हणून एका टाकीवर नाना मत देत नाहीत. पाच टाक्यांचे किलोमीटर एकत्र, पाच टाक्यांचे लिटर एकत्र, मग एकच भागाकार.

मला हे सगळं तोंडपाठ असण्याचं कारण माझी दाढ.

गेल्या थंडीत दाढ ठणकायला लागली. नाशिकच्या डॉक्टरांनी अकराची वेळ दिली. नाना म्हणाले, "मास्तर, एसटीने कशाला? मी निघालोच आहे." मी बसलो. नानांनी चपला काढून मागे ठेवल्या. ते अनवाणी चालवतात, ॲक्सिलरेटर पायाला कळला पाहिजे म्हणून. काचा वर, कारण उघड्या काचेतून वारा शिरतो आणि गाडीला ओढतो. एसी बंद, कारण एसी इंजिनाच्या जिवावर चालतो. त्या बंद डब्यात मी, माझी दाढ आणि नानांच्या अंगाचा कापूर.

अंजनेरी मागे पडली. आमचं गाव नाशिकपेक्षा शंभरेक मीटरने तरी उंच, त्यामुळे जाताना रस्ता एकंदरीत उतरता. उतार लागला की नाना पाय उचलतात, गियर मात्र तसाच ठेवतात. पूर्वी ते न्यूट्रल करायचे. मग इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीने समजावलं, की आताच्या गाड्यांत गियरमध्ये असताना पाय काढला की पेट्रोलचा फवारा बंदच होतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर उलट इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल लागतं, शिवाय इंजिनाचा ब्रेक हातचा जातो तो वेगळाच. तेव्हापासून उतारावर डॅशबोर्डवरची ॲव्हरेजची पट्टी शेवटपर्यंत भरते, आणि नानांचा चेहरा गाभाऱ्यात पुढचा नंबर लागल्यासारखा होतो.

"नाना, जरा वेगात घेता?"

"ऐंशीच्या वर वारा खातो, मास्तर."

"दाढ दुखतेय हो."

"दाढ वेगाने जाऊन कमी दुखते का?"

डॅशबोर्डवर तेव्हा २०.२ दिसत होते. मी बरं वाटावं म्हणून म्हटलं, "वा, वीसच्या वर देते की!" नानांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. मग सातपूरच्या सिग्नलपर्यंत माझा वर्ग घेतला. हा आकडा म्हणजे गाडीने पेट्रोल मोजलेलं नसतं. इंजिनात पेट्रोल फवारणारी तोटी किती वेळ उघडी राहिली यावरून तिने बांधलेला तो अंदाज असतो, आणि अंदाज बांधणारी ती स्वतःच. स्वतःबद्दल कोण कमी सांगतं? "हा बायोडेटा," नाना म्हणाले. "मुलगी गृहकृत्यदक्ष." आणि कंपनी छापते तो आकडा? तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, गाडी रुळांवर चढवून, ठरलेल्या वेळापत्रकाने वीसेक मिनिटं पळवून काढलेला. वेग जास्तीत जास्त ९०. तिथे वारा नाही, खड्डा नाही, पुढे उसाची ट्रॉली नाही, मागे सासूबाई नाहीत. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला उत्तम. "ते पत्रिकेतले गुण. छत्तीसपैकी बत्तीस जुळतात हो, पण संसार चोपडीत कळतो." चोपडीत त्या महिन्यात १८.५ होते.

मग पंप आला. तो कुठला ते सांगत नाही. तिथल्या पोरांनी नानांचं काय काय सोसलं आहे! एकदा त्यांनी पाच लिटरचं माप मागवलं होतं. ते मागायचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे आणि पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची चूक माफ असते, हे नानांना पाठ. माप तंतोतंत निघालं. नाना आठवडाभर खिन्न होते. दुसऱ्यांदा ते थंड पेट्रोल जास्त मिळतं म्हणून पहाटे सहाला जाऊन उभे राहिले. पेट्रोल उन्हाने फुगतं हे खरंच. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिला पहाट आणि दुपार सारखीच. महिनाभर लवकर उठून चोपडीने तेच सांगितलं. ते पाचशेऐवजी पाचशेदहाचं टाकणाऱ्यांना हसतात, पण ही पहाट त्यांना आठवण करून दिलेली आवडत नाही.

त्या दिवशी नोझलवर पोरगा नवा होता. टक् झालं. नाना "बास" म्हणेपर्यंत त्याने सवयीने पुन्हा दाबलं. दुसरं टक्.

"हे काय केलंस?"

"राऊंड करत होतो, काका. दहा रुपयेच राहिले होते."

"राऊंड प्रदक्षिणेला मारतात. पेट्रोलला नाही!"

पुढे काय करायचं हा धर्मशास्त्राचा प्रश्न झाला. दुसऱ्या टकपर्यंतचं पेट्रोल धरायचं, तर मागच्या वेळी पहिल्या टकला थांबलो होतो, माप बिघडलं. सोडायचं, तर किती सोडायचं? मशीनवर एकूणच दिसतंय. नानांनी बॉनेटवर चोपडी उघडली. मागे एक टेम्पो, दोन रिक्षा आणि दुधाच्या किटल्यांची मोटारसायकल उभी. हॉर्न सुरू. मॅनेजर आले, म्हणाले, "गुरुजी, यावर शांत करा काहीतरी." शेवटी असं ठरलं की ही टाकी पुढच्या टाकीत मिळवायची आणि पुढच्या खेपेला पहिल्या टकलाच थांबायचं. शेरा पडला: "अधिक मास." तेव्हा अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

चिक्कू म्हणावं तर तसंही नाही. पावसाळ्यात एका रात्री शेजारच्या आजींना धाप लागली. नानांनी एसी लावून, गाडी ताणून त्यांना नाशिकला पोचवलं, पैशाचं नाव नाही. चोपडीत नोंद आहे: "१४.१. तिसऱ्या गियरमध्ये ओढली. आजी बऱ्या." नोंद मात्र चुकवली नाही.

नानांना खरा धक्का दिला तो मुलीनेच. घरी येताना चढ, आकडा १५. जाताना उतार, आकडा २१. दोन्हीकडे २८ किलोमीटर. नाना ओट्यावर बसून सांगत होते, "म्हणजे मधले अठरा." ती आतून म्हणाली, "साडेसतरा, बाबा." येताना १.८७ लिटर लागतं, जाताना १.३३. मिळून ३.२. छप्पन्नाला ३.२ ने भागा. जिथे गाडी जास्त पिते तिथेच लिटर जास्त जातात, म्हणून दोन आकड्यांची सरळ बेरीज करून निम्मं करता येत नाही. नानांनी तीनदा भागलं. दर वेळी साडेसतरा. अर्धा किलोमीटर त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. टाकीच्या नोंदी बरोबरच होत्या, पण येण्याजाण्याच्या अकरा वर्षांच्या नोंदी त्यांनी पितृपक्षात, स्वतःच्या दोन कामांच्या मधल्या वेळात, एकेक करून दुरुस्त केल्या.

जर्मनीतल्या पुतण्याने वर आणखी भर घातली. त्याच्याकडे शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतात. तो फोनवर म्हणाला, "काका, माझी ५.४." नाना हादरले. मग कळलं की तिकडे आकडा कमी तो चांगला. "हे ॲव्हरेज आहे की शुगरचा रिपोर्ट?" पण मुलीने दाखवलं की त्या हिशोबाने चढ ६.६७ आणि उतार ४.७६, यांची सरळ बेरीज करून निम्मं केलं तरी चालतं; ५.७१ येतात, म्हणजे तेच साडेसतरा. पुतण्याचे ५.४ म्हणजे आपले साडेअठरा. हे ऐकल्यावर नानांना तो मुलगा पहिल्यापासूनच गुणी वाटत होता.

अलीकडचं दुःख वेगळं आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे आकडा थोडा उतरणारच, जुन्या गाडीचा जास्त. चोपडी साडेअठरावरून १७.६ वर आली. पण नानांना आकड्यापेक्षा इथेनॉल म्हणजे काय हे कळलं त्याचा त्रास झाला. सात पिढ्यांत घरात कोणी घेतली नाही, सुरुवात गाडीने केली. हल्ली ते तिला कुशावर्त कुंडाच्या बाजूला उभी करत नाहीत.

२०२७ च्या सिंहस्थात गाड्या पुन्हा गावाबाहेर थांबतील, चोपडीत पुन्हा "पायी" पडेल. त्याआधी त्र्यंबकला आलात आणि ओट्यावरून कोणी "किती देते?" असं विचारलं, तर काचेमागचा आकडा सांगू नका, भागाकार करून सांगा. आणि नोझल कितव्यांदा टक् झालं यावर वाद घालू नका. माझी दाढ अजून तशीच आहे.