स्टो कुणी नेला?

1981च्या डिसेंबरात आम्ही चौघं रायगडावर गेलो, तेव्हा सोबत रॉकेलचा पितळी स्टो होता. एवढंच सर्वमान्य आहे. बाकीचा इतिहास वादग्रस्त.

तो स्टो पाठीवर घेऊन चौदाशेहून जास्त पायऱ्या मी चढलो, असं मी बायकोला सांगितलं, मुलांना सांगितलं, निवृत्तीच्या भाषणातही घातलं. गेल्या हिवाळ्यात पुन्हा रायगडाला जायचं ठरलं आणि वाशीचा पूल ओलांडायच्या आत कळलं, की लांब्याही त्याच्या घरी हेच सांगत आलाय. सुकटही. आणि बापूही.

लांब्या आता कमरेत वाकलाय. सुकटचं पापलेट होऊन जमाना झाला. जुनी नावं नव्या अंगाला बसत नाहीत, पण बदलून कोण घेणार? बापूला मात्र आम्ही विसाव्या वर्षापासूनच बापू म्हणायचो. तो एकटाच नावाला जागला.

पेणला नाश्त्याला थांबलो. मिसळ यायच्या आधी टेबलावर गोळ्यांच्या डब्या आल्या. सुकटची आणि बापूची डबी एकाच रंगाची. स्टोवरून हातघाईवर आलेल्या बापूनं सुकटची शुगरची गोळी जिभेवर ठेवलीच होती. पोऱ्यानं पाव आणला म्हणून थोडक्यात वाचला.

पाचाडला चित्त दरवाजाच्या वाटेकडे आम्ही लांबूनच आदरानं पाहिलं आणि रोपवेच्या रांगेत उभे राहिलो. रोपवे 1996 सालचा. म्हणजे तेव्हा पायी चढलो यात आमचं शौर्य ते काय; पण पाळण्याचं दार लावणाऱ्या पोराला "आमच्या वेळी हे नव्हतं बरं का" असं चौघांनी वेगवेगळं ऐकवलं. पाच मिनिटांत वर. तेवढ्यातही लांब्यानं गुडघ्याची पट्टी सोडून पुन्हा बांधली.

राजसभेत नगारखान्यापाशी कुजबुजलेलं थेट सिंहासनाच्या जागी ऐकू येतं. मधलं अंतर दोनशे फुटांहून जास्त. हे पारखायला लांब्या नगारखान्याकडे गेला, आम्ही मेघडंबरीपाशी कान देऊन उभे. दगडांतून स्वच्छ आवाज आला, "स्टो मीच नेला होता." मी हादरलो. बापूला काहीच ऐकू आलं नाही, त्याचं कानाचं यंत्र गाडीत राहिलं होतं. "काय म्हणाला?" असं त्यानं इतक्या मोठ्यानं विचारलं, की सहलीची पोरं रांग मोडून आमच्याकडे बघायला लागली. "गडाची स्तुती करतोय," मी म्हणालो.

खाली येऊन पिठलं-भाकरीला बसलो, तेव्हा बापूनं खिशातून एक कृष्णधवल फोटो काढून ताटांच्या मध्ये ठेवला. पुरावा! माळ्यावर सापडलेला, मात्र चष्मा न लावता पाकिटात घातलेला. कुणा वाटसरूकडून काढून घेतलेला असावा. महादरवाजात आम्ही चौघं, कानांवर केस, कमरेवर हात. चौघांच्याही पाठी रिकाम्या. आणि कडेला, अर्धा चौकटीबाहेर, दहा-बारा वर्षांचा एक मुलगा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर स्टो.

बराच वेळ कुणी बोलेना. वाढणाऱ्या मावशींनी वाकून पाहिलं. "कुणाचं ओ पोर?"

नाव कुणालाच आठवेना. मग सुकट भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "पण उतरल्यावर त्याला दोन रुपये दिले होते मी."

"तू?" आम्ही तिघं एकदम म्हणालो.