विमानवाले काका

आमच्या सोसायटीतल्या विमानवाल्या काकांना लग्नाची पत्रिका दिली की ते आधी विचारतात, ‘‘आइस्क्रीम आहे ना?’’ वास्तविक त्यांना मधुमेह. त्यांना हवे असतात चमचे. जेवणं झाली की काका पंगतभर फिरून लोकांनी चाटून टाकलेले चमचे रुमालात बांधून आणतात. कारण तो टुकार चमचा आणि काकांचं मॉडेल विमान, दोन्ही पॉलिस्टायरीनचं. रंग आधी चमच्यावर मारायचा, टिकला तर विमानावर. काकूंच्या रुखवताच्या पेटीत आता हे चमचे असतात. प्रत्येकाच्या दांड्यावर तारीख, थिनर आणि शेरा: ‘ठीक’, ‘चिकट’, ‘गेला’. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर ज्याच्या वाट्याला आलं, त्याचा नुसता दांडाच उरलाय.

काकांकडे विमानाचा विषय काढू नये. 1965 च्या युद्धात इवलंसं नॅट पाकिस्तानी सेबरना कसं भारी पडलं, हे आपल्याला ऐकायचं असतं. काका सांगतात, त्याला प्रायमर कुठला.

‘‘लॅकर खाली, एनॅमल वर, चालतं. एनॅमल खाली, लॅकर वर, संपलास!’’

म्हणजे काय, तर लॅकरमधलं थिनर उडालं की ते सुकलं. एनॅमल तसं नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेत कित्येक दिवस लोणच्यासारखं मुरत बसतं. हाताला कोरडं लागतं, आत कच्चंच. त्यावर लॅकरचं जहाल थिनर पडलं की ते फुगतं.

‘‘मग मुरलं हे कळायचं कसं?’’

‘‘वासावरून.’’ काकांनी पंख नाकाशी धरला, मंडईत खरबूज हुंगावं तसा. ‘‘वास येतोय तोवर हात लावायचा नाही.’’

एवढं ज्ञान असलेल्या माणसाची विमानं किती झाली असतील? अकरा वर्षांत दोन. पावसाळ्यात स्प्रे बंद, कारण दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं. हिवाळ्यात काकूंना वासाने खोकला. उन्हाळ्यात गच्चीवर पापड, आणि पापडांवर चंदेरी तुषार उडाल्यापासून तिथे प्रवेश नाही.

यंदा मात्र गणपतीच्या प्रदर्शनात नॅट ठेवायचंच, असा पण झाला. 1:72 चं, जेमतेम बारा सेंटिमीटरचं, चंदेरी एनॅमल मारलेलं. आदल्या रात्री काकांनी ते हुंगलं. वास नाही. पुन्हा हुंगलं. नाहीच. वर फक्त चकाकी हवी होती. एरवी पावसाळ्यात डबीचं झाकणही न उघडणाऱ्या काकांनी गाडीचे ओरखडे झाकायला आणलेला पारदर्शक लॅकरचा स्प्रे उचलला आणि फवारला.

अर्धं मिनिट काही झालं नाही. मग शेपटीपासून सुरुवात झाली. तापल्या दुधावरची साय फुंकर मारल्यावर गोळा होते, तसा रंग पंखांवर गोळा होत गेला.

‘‘अहो, पण चार दिवस सर्दी आहे ना तुम्हाला?’’ काकू म्हणाल्या.

काकांनी मुकाट्याने बरणीत डेटॉलची अख्खी बाटली ओतली. जुना रंग त्यात सुटतो, हेही त्यांना चमच्यांनीच शिकवलेलं. सकाळी जिनाभर दवाखान्याचा वास. समोरच्या आजी काळजीने दारात आल्या.

‘‘कोण आजारी आहे हो?’’

आतून नाक चोंदलेला आवाज आला, ‘‘दॅट.’’