चतुष्पाद भाडेकरू

ज्या गृहस्थाने रॉटवायलर पाळला आहे आणि ज्यास पुण्यात भाड्याची जागा हवी आहे, त्याने आपल्या पगाराचा, कुलशीलाचा व अनामत रकमेचा तपशील कितीही नम्रपणे मांडला, तरी त्या चतुष्पादाचे नाव निघताच घरमालकाची मुद्रा पालटते. (कुत्र्याच्या स्वभावाआधी त्याची जात विचारली जाते, याचे आपल्याकडे कोणास नवल वाटू नये.) केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींची आयात, पैदास व विक्री रोखण्याचे फर्मान राज्यांना धाडले आणि जनतेच्या हरकती न मागवताच काढलेले ते फर्मान दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिलमध्येच रद्दबातल ठरवले, परंतु सोसायटीच्या दफ्तरात फर्मान तत्काळ दाखल होते, ते रद्द झाल्याची वार्ता मात्र जिन्यातच अडखळते. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताच्या ठरावानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. हा कागद पुढे करताच घरमालक तो अत्यंत आदराने वाचतात आणि जागा कालच गेल्याचे कळवतात. तेव्हा श्वानप्रेमी वाचकहो, जागा मिळालीच, तर करारनाम्यात कुत्र्याचा उल्लेख जातीसकट लेखी करून घ्यावा.