राहील, जाईल, बोलू

घर विकायला निघालेल्या माणसांत एक जात अशी असते, की सव्वा कोटीचं घर देताना तिचा हात थरथरत नाही, पण पडद्याचा रॉड सोडताना जीव कासावीस होतो. आमच्या इमारतीत या जातीचे तात्या राहतात. तुमच्याकडं अण्णा किंवा नाना या नावानं राहत असतील. वय सत्तरीच्या अलीकडं-पलीकडं, नोकरी पाटबंधारे खात्यात नाहीतर बँकेत झालेली, मुलगा बाणेरला अकराव्या मजल्यावर, आणि कोथरूडचा जुना फ्लॅट विकून ‘आता तिकडंच या’ असा त्याचा धोशा.

गिऱ्हाईक पहिल्यांदा घर बघायला येतं तेव्हा तात्यांएवढा उदार माणूस पुणे जिल्ह्यात सापडायचा नाही. ‘हे सगळं तुमच्यासाठीच,’ असं म्हणून ते हात असा काही फिरवतात, की त्यात गिझर, पंखे, ट्रॉल्या आणि खिडकीतून दिसणारा शेजारच्या बंगल्यातला आंबाही येतो. एजंट खूश, गिऱ्हाईक खूश. मग विसाराचा चेक वठतो आणि घर आकसायला लागतं. साठेखताच्या दिवशी ट्रॉल्यांविषयी ‘बघू’ सुरू होतं. बँकेचं कर्ज मंजूर झाल्याचं पत्र येतं त्या सुमारास पंखे जातात. खरेदीखताची तारीख ठरते तेव्हा तात्या स्टुलावर चढून ट्यूबलाइटच्या पट्टीचे स्क्रू तपासत असतात.

या प्रकाराला शिस्त आली ती विलायतेतून. तात्यांच्या पुतण्यानं तिकडं रेडिंगला घर विकलं. इंग्लंडात घर विकणाऱ्याकडून वकील एक छापील तक्ता भरून घेतात. कुठली वस्तू राहणार, कुठली जाणार, जाणारी हवी असेल तर किती पैसे, असं खोलीवार लिहायचं. पडद्याचे रॉड, गालिचे, बागेतलं सामान, सगळं त्यात. एवढंच नाही, तर तुम्ही दिवा काढून नेलात, तर त्या जागी वायर, होल्डर आणि बल्ब लावून जायचं असंही तिथं गृहीत धरलेलं असतं. पुतण्यानं हे फोनवर कौतुकानं सांगितलं. तात्यांनी त्यातलं बल्बचं कलम सोडून बाकी सगळं उचललं. बँकेची जुनी डायरी काढली, पट्टीनं तीन रकाने आखले आणि वर मथळे घातले: राहील, जाईल, बोलू.

ती डायरी मी पाहिली आहे. ‘बोलू’चा रकाना पुढच्या पानांवर वाहत गेला होता. नोंदी पाटबंधारे खात्याला शोभणाऱ्या. ‘पितळी नावाची पाटी: जाईल. पाटीची भोकं: राहतील.’ ‘झोपाळा, फळी व कड्या: जाईल. स्लॅबमधील हूक: राहतील (नाइलाज).’ ‘तुळस: जाईल. वृंदावन: सिमेंटमध्ये असल्याने राहील.’ माळ्यावर घर बांधतानाच्या जादा मोझॅक फरश्या होत्या. कधी एखादी फरशी फुटली तर त्या जगात फक्त याच घराला उपयोगी पडल्या असत्या. त्या ‘जाईल’मध्ये. हॉलमधला दिवाण मात्र पहिल्याच ओळीला, ‘राहील’खाली, लाल शाईनं. सुतारानं तो खोलीतच बांधला होता आणि दारातून तो तिरका, उभा, आडवा कसाही निघत नव्हता. ‘हा मी त्यांना प्रेमानं देतोय,’ तात्या मला म्हणाले. आवाज खरोखर भरून आला होता.

काकूंचं मत सुटसुटीत होतं. देव, पाटा-वरवंटा आणि लोणच्याची बरणी घेऊन निघायचं, बाकी ठेवायचं. ‘आणि तात्या?’ मी विचारलं. काकू म्हणाल्या, ‘त्यांचं बोलू.’

वकीलबाईंनी एकदा समजावून पाहिलं. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा. त्याच्या कलम आठप्रमाणे घर विकलं, की वेगळं काही ठरलं नसेल तर कुलपं, किल्ल्या, गज, दारं, खिडक्या आणि घरात कायमच्या वापरासाठी केलेल्या इतर वस्तू घराबरोबर जातात. ब्रिटिशांनी कुलपाबरोबर किल्लीचाही वेगळा उल्लेख केला, म्हणजे आपले तात्या त्यांनी तेव्हाच पाहिले असावेत. तात्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘पंखा कायमचा कसा? तो फक्त उन्हाळ्यात लावतो आम्ही.’

मग त्यांना दुसरी कल्पना सुचली. फर्निचरचा वेगळा कागद केला, की घराची किंमत तेवढी कमी दाखवता येते आणि त्यावरचं मुद्रांक शुल्क वाचतं, हे त्यांना कट्ट्यावर कळलं होतं. ताबडतोब दिवाणाची किंमत वाढू लागली. सागवान, मग बर्मा सागवान. दिवाण आणखी आठवडाभर तिथं राहिला असता तर चंदनाचा झाला असता. वकीलबाईंनी रेडी रेकनर दाखवला. सरकारनं त्या भागाचा दर ठरवलेला असतो, आणि तुमचा करार त्याखाली गेला तरी शुल्क सरकारी दरानंच लागतं. शिवाय शुल्क भरायचं खरेदीदारानं, तुम्ही का घाम गाळताय? हा मुद्दा तात्यांच्या ध्यानात आला नव्हता. दिवाण पुन्हा प्रेमाच्या रकान्यात आला.

खरेदीदार म्हणजे हिंजवडीत नोकरी करणारं तरुण जोडपं. दोघंही गोड. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठे झाले, फोटो झाले, आणि बाहेर उसाचा रस पिताना तात्यांनी डायरी उघडली. मुलगी दोन-तीन नोंदी ऐकून म्हणाली, ‘काका, तुम्ही सगळंच न्या ना! आम्ही आतलं सगळं तोडणार आहोत.’

तात्यांच्या हातातला ग्लास तसाच राहिला. इतके दिवस ते ज्या शत्रूशी लढत होते, त्याला काहीच नको होतं. रॉड नको, ट्रॉल्या नकोत, ओटासुद्धा नको. खरं तर आता टेंपो मागवून मोकळं व्हायचं. पण या जातीचा माणूस वस्तूसाठी ओढाताण करतच नाही. समोरून कुणी ओढत असेल तरच त्याला आपल्या हातात काही आहे असं वाटतं. दुसऱ्या दिवसापासून वाटाघाटी उलट्या दिशेनं सुरू झाल्या. ‘गिझर राहू दे तुम्हाला, तांब्याची टाकी आहे.’ ‘ओटा तोडू नका, कडप्पा हल्ली असा मिळत नाही.’ (मिळतो. कर्वे रस्त्यावरून कुठल्याही फरशीवाल्याकडं जा.) ‘जाईल’मधल्या नोंदी भराभर खोडून ‘राहील’मध्ये येऊ लागल्या, आणि मुलगी प्रत्येक वेळी हसून ‘नको काका’ म्हणत राहिली. शेवटी मुलानं अदबीनं सांगितलं, की दिवाण कापून बाहेर काढायला सुतार लागेल, त्याची मजुरी निम्मी-निम्मी करू या का?

तेव्हा तात्या ताठ झाले. ‘निम्मी? अहो, कलम आठ वाचा. कायमच्या वापरासाठी केलेली वस्तू घराबरोबर जाते. दिवाण कायद्यानं तुमचा आहे. पंखेसुद्धा तुमचेच. १८८२ पासून.’

मजुरी शेवटी मुलानं दिली. टेंपो भरला तो मात्र तात्यांनी, आणि त्यात गिझर, रॉड, पंखे, झोपाळा, मोझॅकच्या फरश्या आणि कापलेल्या दिवाणाच्या फळ्या अशी सगळी वरात बाणेरला गेली. अकराव्या मजल्यावर फॉल्स सीलिंग असल्यामुळं झोपाळ्याला हूक नाही, आणि बाकी कशालाच जागा नाही. सामान तळघरात मुलाच्या पार्किंगमध्ये लावलंय आणि मुलाची मोटार रस्त्यावर उन्हात उभी असते. सोसायटीची नोटीस आली आहे, की पार्किंग फक्त वाहनांसाठी आहे. तात्यांनी नव्या पानावर पुन्हा रकाने आखले आहेत. दिवाणाच्या फळ्यांना एक गिऱ्हाईकही आलं होतं, पण त्यानं खिळ्यांसकट मागितल्या.