‘घराचा विमा’ विकणाऱ्या महाशयांना खुले पत्र

महाशय,

उमरग्यात घरासाठी कर्ज घेणाऱ्या माणसापुढे तुम्ही कागदांचा गठ्ठा ठेवता, फुल्या मारलेल्या जागा दाखवता आणि सांगता, “करा सह्या, घराचा विमाही झाला, आता बिनघोर राहा.” माझ्या शेजाऱ्यांनी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला. वादळी पावसात त्यांचे पत्रे उडाले, भिंत कोसळली. पॉलिसी काढून पाहिली, तर ती घराची नव्हतीच. कर्जदार मेला तर कर्ज फेडणारा तो कर्जविमा होता. तुमच्या हिशेबाने भिंत पडून भागत नाही, घरमालकच पडायला हवा! एकरकमी प्रीमियमही तुम्ही कर्जातच मिळवलात. त्यावरचं व्याज ते आजही भरताहेत.

कर्जविमा वाईट नाही. कर्ता माणूस गेला तर कुटुंबाच्या डोक्यावरचं ओझं त्याने उतरतं. पण त्याला घराचा विमा म्हणून विकणं ही उघड फसवणूक आहे.

आणि ती तुम्ही कुठे करता? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी याच भागात जमीन हादरली. गणेश विसर्जन करून झोपलेली माणसं दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली. सर्वाधिक सोसलं ते औसा आणि उमरगा तालुक्यांनी. आज लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूर तेव्हा उमरग्यातच होतं. सरकारी मदत, स्वयंसेवी संस्था आणि जागतिक बँकेचं कर्ज यांच्या आधारावर गावं पुन्हा उभी राहिली. ज्यांनी हे भोगलं, त्यांच्या मनातली धास्ती हेच तुमचं भांडवल आहे.

घराचा खरा विमा तुम्हाला माहीत नाही असं कसं म्हणू? 1 एप्रिल 2021 पासून आगीचा विमा देणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणं नियामकाने बंधनकारक केलं आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, दंगल, पाण्याची टाकी फुटणं, हे सगळं तिच्यात येतं. विम्याची रक्कम चटईक्षेत्र आणि बांधकामाचा दर यांच्या गुणाकारावर ठरते; जागेची किंमत त्यात धरत नाहीत. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानालाही त्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत, संरक्षण मिळतं.

यात काय येत नाही, हेही तुम्हीच सांगायला हवं होतं. एरवीच्या घरफोडीची भरपाई यातून मिळत नाही. आग किंवा भूकंपासारखी विम्यात धरलेली आपत्ती आल्यावर 7 दिवसांत झालेली चोरीच धरली जाते. दागिन्यांसाठी वेगळं ऐच्छिक संरक्षण घ्यावं लागतं. नवं बांधकाम बसताना भिंतींना पडणाऱ्या भेगा, मालकानेच मुद्दाम केलेलं नुकसान आणि युद्धातली हानी यांना पैसे मिळत नाहीत. ही चार वाक्यं सांगायला पाच मिनिटं लागतात. तुम्ही ती गिऱ्हाइकाला दिली नाहीत, कारण तेवढ्यात दुसरी सही होते.

शेजाऱ्यांना तुम्ही काय विकलं, ते लेखी द्या. घराचा विमा म्हणून घेतलेला प्रीमियम व्याजासह परत करा.

आणि वाचकहो, आजच कपाटातली पॉलिसी काढा. विमा कशाचा उतरवला आहे, त्या रकान्यात तुमच्या घराचा पत्ता आहे की फक्त तुमचं नाव आणि वय, ते बघा. पॉलिसी हाती येऊन 30 दिवस झाले नसतील, तर ती परत करता येते. तो काळ उलटला असेल, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात दाद मिळाली नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे तक्रारीला एक रुपयाही लागत नाही.