तवेकरी काका

इंदूरच्या अन्नपूर्णा मंदिराच्या दारातल्या चार हत्तींइतका ठाम माणूस बघायचा असेल, तर मंदिराजवळच्या वसाहतीत तवेकरी काकांना भेटा. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला काहीतरी लागतंच. कुणी पहाटे बागेत जाऊन मोठमोठ्यानं हसतं, कुणी सानंदचं एकही नाटक चुकवत नाही. काकांना बिडाचे तवे लागले. ‘तवेकरी’ ही पदवी गल्लीनं दिलेली. काका ती वारकरीच्या चालीवर घेतात आणि खूश होतात.

तुम्ही लग्नाची पत्रिका द्यायला गेलात तरी पहिला प्रश्न ठरलेला. “घरी तवा कसला आहे?” चुकून ‘नॉनस्टिक’ म्हणालात, तर काका डोळे मिटून घेतात. मग उघडतात आणि सुरू होतात. पोळीचा लोखंडी तवा वेगळा, बिडाचा वेगळा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन 2 टक्क्यांच्या वर, म्हणून ते ठिसूळ. तापायला वेळ लावतं, पण एकदा तापलं की वर गार पीठ ओतलं तरी चटकन थंड पडत नाही. हे सांगून होईपर्यंत आपला चहा मात्र थंड पडलेला असतो.

काका बोलतात त्यातलं काही खोटं नसतं, हीच खरी अडचण. खोटारड्या माणसाला निदान थांबवता तरी येतं.

तवा ‘तयार’ करणं हा त्यांचा मुख्य विधी. तव्याला तेलाचा हात द्यायचा, मग तेल लावलंच नव्हतं अशा थाटात पुसून टाकायचं, आणि ओव्हनमध्ये 250 अंशांवर तासभर पालथा घालायचा. तेलाचे रेणू एकमेकांत गुंतून लोखंडावर कडक, काळा थर धरतात. तेल जास्त राहिलं तर थर चिकट होतो. असे सहा थर. पहिल्या थराच्या वेळी घरातून निघालेला धूर पाहून समोरच्यांनी पाण्याची बादली आणली होती. काकांनी ती दारातच अडवली. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर तडा जातो! घराचं काय होईल, हा मुद्दा त्यांच्या लेखी दुय्यम होता. ओव्हन काकूंनी नानकटाईसाठी घेतला होता. नानकटाई आता बेकरीतून येते.

मुलगा अमेरिकेत असतो. मागच्या खेपेला त्यानं आईसाठी स्वेटर आणायचं ठरवलं होतं, पण 23 किलोंच्या बॅगेत साडेतीन किलोंचं स्किलेट शिरलं आणि स्वेटर राहिला. टेनेसी राज्यात 1896 पासून ओतकाम करणाऱ्या लॉज कंपनीचं ते स्किलेट. त्याच्यावर कारखान्यातच सोयाबीनचं तेल भाजून येतं, हे कळल्यावर काकांची छाती फुगली. माळव्याचं सोयाबीन! 1987 पासून देशाची सोयाबीन संशोधन संस्था आपल्या इंदुरात! अमेरिकेच्या तव्याचं माहेर अखेर इथलंच निघालं, असं त्यांनी गणेशोत्सवात माईकवरून जाहीर केलं. कार्यक्रम सुगम संगीताचा होता.

एकदा भांडी घासणाऱ्या बाईंनी ते स्किलेट तारेच्या घासणीनं चांदीसारखं लख्ख केलं. “काका, कित्ता काला पड़ गया था, चमका दिया!” काका तीन दिवस सुतकात असल्यासारखे वावरले. बाईंना काही बोलले नाहीत. माणूस मुळात सज्जन आहे. फक्त दोन वेळा साबण लपवला. वास्तविक हल्लीच्या सौम्य साबणानं त्या थराला काही होत नाही. ती मनाई जुन्या, कडक कॉस्टिकच्या साबणाची. पण हे काकांना सांगायचं कुणी?

दुसरा एक तवा ओट्यावरून निसटला आणि त्याचे सरळ दोन तुकडे झाले. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली तेव्हा काका तुकडे छातीशी धरून फाटकात उभे. गाडीला ओल्या, सुक्या, प्लास्टिकच्या कचऱ्याचे वेगवेगळे कप्पे. “भिया, ये किसमें जाएगा?” पोरगा म्हणाला, “काका, अटाले वाले को दो, पैसे मिलेंगे.” पैसे! काका तसेच घरात परतले. त्या तुकड्यांखाली काकू आता गच्चीवर कुरडयांचं कापड दाबतात.

हे इतके तवे, पण त्यांवर शिजतं काय? जवळजवळ काहीच नाही. टोमॅटो ऑम्लेटला बंदी, कारण आंबटानं थर सुटतो. चिंचेची आमटी तर तव्यांच्या खोलीत न्यायचीही नाही. घावन? “अजून दोन थर बसू देत.”

काकूंचा तवा वेगळा आहे. सावंतवाडीच्या माहेराहून अन्नपूर्णेच्या मूर्तीबरोबर आलेला. त्यावर रोज काहीतरी होतं: थालीपीठ, आंबोळी, घावन, आणि काका बाहेर गेले की टोमॅटो ऑम्लेटही. काम झालं की गरम पाण्यानं धुवायचा, लगेच पुसायचा, गॅसवर कोरडा करायचा आणि अर्ध्या कांद्यानं तेल फिरवून ठेवायचा. पावसाळ्यातही त्याला गंज माहीत नाही. घावन उलथनं लागायच्या आत सुटतं. काकांनी तो एकदा भिंगातून तपासला आणि “अशास्त्रीय, पण बरा आहे,” असा शेरा दिला.

माझ्या मते शहरातला सगळ्यात चांगला तवा तोच. तेव्हा त्या घरी जायचंच असेल, तर सकाळी साडेआठला जा. काका देवीच्या दर्शनाला गेलेले असतात आणि काकूंचं थालीपीठ उतरत असतं. वाटेत पोहे-जिलबी खाऊन मात्र जाऊ नका.