अवखळ नदी, वेळापत्रकासह

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला येणाऱ्या मुंबईकराला अवखळ निसर्ग हवा असतो. तो मिळतो, पण सकाळी. कारण या निसर्गाची तोटी भिऱ्याच्या वीजघराच्या हातात आहे. मुळा ही खरं तर पूर्वेकडे वाहणारी नदी. मुळशीला तिला अडवायचं, पाणी घाटाखाली पश्चिमेला वळवायचं आणि त्यावर मुंबईसाठी वीज काढायची, हा उद्योग १९२७ पासून चालू आहे. चक्रं फिरवून दमलेलं पाणी मग कुंडलिकेत सुटतं आणि त्यावर तरंगत मुंबईकर शहरापासून लांब आल्याचं समाधान मिळवतो. याच धरणाविरुद्ध मुळशीकरांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता, सेनापती बापट त्याचे पुढारी होते. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना हे कुणी सांगत नाही. सूचना एकच: घट्ट धरून बसा.

संध्याकाळी रिसॉर्टवर संस्कृती असते. शिमग्यात पालखीपुढे रात्र जागवणाऱ्या खालूबाजाला फाटकापाशी दहा मिनिटं मिळतात. सनईवाला गाल फुगवून सूर धरतो, ढोलकऱ्याचा हात नुकता तापतो, तोच मॅनेजर मनगटावरचं घड्याळ दाखवतो. डीजे आलेला असतो. मग कोळीगीताच्या रिमिक्सवर पाहुणे नाचतात आणि 'काय अस्सल वातावरण आहे!' म्हणत व्हिडिओ काढतात.

खालूबाजाला वीज लागत नाही, हाच बहुधा त्याचा गुन्हा.